अंतराळकथेतला फिल्टर कधी तुंबतो का?

धागाकर्ता: वेताळ_टेकडी | विभाग: वाचन-लेखन | १० ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आल्यापासून दिवाळी अंकवाल्यांना अंतराळकथा हव्या आहेत. एका संपादकांनी मलाही सांगितलं, "एखादी द्या, पण ऑगस्टअखेर हातात पाहिजे." विज्ञानकथा मी अधूनमधून लिहितो, पण अख्खी यानात घडणारी कधी लिहिली नव्हती. म्हणून रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक उचलून आणले आणि त्यातल्या अंतराळकथा ओळीने वाचून काढल्या.

कल्पना एकेक भारी आहेत. यान मात्र सगळीकडे तेच. कॅप्टन कळ दाबतो, यान झेपावतं, पडद्यावर ग्रह मोठा होत जातो. आत हवा कुठून येते, पाणी कुठे जातं, पंखा बंद पडला तर काय, याची कोणाला फिकीर नाही. मी पोटापाण्यासाठी भोसरी एमआयडीसीत पंप आणि व्हॉल्व्हच्या मेंटेनन्सवर आहे, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाणार, हे मान्य. तरी अख्ख्या यानाला एकही पाना लागू नये म्हणजे जरा अतीच.

आता एक खरी घटना बघा. १६ जुलै २०१३. इटलीचा अंतराळवीर लुका पारमितानो त्याच स्थानकाबाहेर काम करत होता. मानेमागे ओलं लागायला लागलं. पाणी वाढत गेलं. वजनरहित अवस्थेत पाणी निथळून खाली जात नाही, लागेल तिथे चिकटतं आणि पसरत राहतं. डोक्यामागून ते कानांवर आलं, डोळ्यांवर आलं, मग नाकात शिरायला लागलं. ऐकू येईना, दिसेना, त्यात सूर्य मावळला. (तिथे दिवसातून सोळा वेळा मावळतो.) हेल्मेट काढून तोंड पुसायची सोय नाही. त्याला बांधलेली सुरक्षादोरी चकरीत आपोआप गुंडाळली जाते. तिची हलकी ओढ लागत होती, त्या ओढीच्या अंदाजाने तो चाचपडत दरवाजापर्यंत आला. आत घेऊन हेल्मेट उतरवलं तेव्हा त्यात दीड लिटरच्या आसपास पाणी साठलं होतं.

कारण काय? पोशाखातल्या पंपाच्या जोडणीत हवेतून पाणी वेगळं करणारा भाग असतो, त्याची बारीक भोकं घाणीने तुंबली होती. थंडाव्यासाठी फिरणारं पाणी हवेच्या वाटेने थेट हेल्मेटात. आणि माझ्यासारख्याच्या काळजाला भिडणारा भाग पुढे आहे. आठवडाभर आधीच्या फेरीनंतर त्याच हेल्मेटात पाणी सापडलं होतं. प्यायच्या पाण्याची पिशवी गळली असेल म्हणून विषय मिटवला होता! ब्रेकडाउनच्या आधी 'किरकोळ आहे, नंतर बघू' असा शेरा लॉगबुकात असतोच, मग ती भोसरी असो की पृथ्वीपासून ४०० किलोमीटर वर.

माझं म्हणणं एवढंच. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन १०८ मिनिटांत चक्कर मारून आला तेव्हापासून माणसाने वर जाऊन जे काही लिहून-सांगून ठेवलंय, त्यात थरारापेक्षा देखभाल जास्त आहे. आणि कथा त्या देखभालीतच दडलेली आहे. मराठी विज्ञानकथेने ती का उचलली नाही?

---

तिरकस | १० ऑगस्ट, रात्री १०:०५

म्हणजे यंदाच्या दिवाळी अंकात 'मूत्रशुद्धीकरण संचाची सर्व्हिसिंग' अशी दीर्घकथा वाचायला मिळणार तर. फराळ करता करता.

---

वेताळ_टेकडी | रात्री १०:११

@तिरकस, हसताय खरे, पण स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र मिळून ९८ टक्के पाणी परत वापरात आणण्याचा पल्ला २०२३ मध्ये गाठला. काल तुम्ही, आज मी, उद्या परत तुम्ही. चार माणसांची अशी एकच पाण्याची टाकी आहे आणि त्यातल्या दोघांचं भांडण झालंय. कथा लिहायला आणखी काय लागतं?

---

तिरकस | रात्री १०:१४

बरं, हे घेतलं. सोसायटीच्या मीटिंगला वाचून दाखवतो.

---

आबा_नारायणपेठ | ११ ऑगस्ट, सकाळी ६:५०

धागा छान. जुना माणूस आहे, थोडं अवांतर चालवून घ्या.

आमच्या पिढीला अंतराळ पहिल्यांदा दिसलं ते डोक्यावर पडणार म्हणून! १९७९ चा जुलै, स्कायलॅब. अमेरिकेचं रिकामं स्थानक खाली येतंय, कुठे पडेल नेम नाही. पेपरात रोज नकाशे. आमच्या वाड्यातल्या एक आजी त्या दिवशी जिन्याखाली बसून जप करत होत्या आणि आमच्या मातुःश्री त्यांना चहा नेऊन देत होत्या. शेवटी तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. आजी म्हणाल्या, जपाने वळलं.

पुढे १९८४ चा एप्रिल. राकेश शर्मा सॅल्यूत-७ वर. सिंहगडावरच्या टॉवरच्या कृपेने दूरदर्शन दिसायचं, वाड्यात एकच संच, सगळे त्याच्यासमोर. 'सारे जहाँ से अच्छा' सगळ्यांना आठवतं. मला मात्र त्यांनी वर योगासनं केली ते आठवतं. वजनच नाही तर आसन धरून ठेवायचं कशाच्या आधारावर? दोरांनी ताणून धरायची व्यवस्था केली होती म्हणे. वेताळराव, तुमच्या भाषेत सांगायचं तर माणसालाच क्लॅम्प.

---

पानशेतकर | सकाळी ८:२०

आबा, एक पुरवणी. राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला दोघेही आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेलेले. मधे ४१ वर्षं. सिंहगडावर चढताना ज्या घुमटाकडे बोट दाखवून आपण मुलांना 'ती बघ एनडीए' म्हणतो, तिथून दोन माणसं अंतराळात गेली आणि एकाही मराठी कथेतला नायक तिथला असल्याचं माझ्या वाचनात नाही. कोणाच्या असेल तर सांगा.

---

निशिगंधा | दुपारी १:३५

वेताळराव, धागा आवडला, वाचनखूण साठवली. आता भांडते.

पहिली गोष्ट, तुम्ही गंगा एकाच दिशेने वाहवताय. उड्डाणं झाली आणि त्यांनी कथांना शिकवलं, एवढंच नाहीये. आधी कथाच पुढे होती. ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये तीन माणसं फ्लोरिडातून चंद्राकडे धाडली. शंभरेक वर्षांनी अपोलोची तीन माणसं खरोखर फ्लोरिडातूनच गेली. (व्हर्नने त्यांना तोफेतून उडवलं होतं, त्यात ती जागच्या जागी चेंदामेंदा झाली असती, ते सोडा.) रॉकेटचं गणित मांडणारा त्सिओलकोव्हस्की लहानपणी हाच व्हर्न वाचून या नादाला लागला. आणि सगळ्यात गंमत म्हणजे उलटी मोजणी! दहा, नऊ, आठ हे जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या १९२९ च्या मूकपटातून आलंय. प्रेक्षकांना ताण जाणवावा म्हणून केलेली युक्ती. आज श्रीहरिकोट्यात तीच मोजणी ऐकताना आपला श्वास अडकतो. म्हणजे उड्डाणाला नाट्य पुरवलं कथेने.

दुसरी गोष्ट. उड्डाणांनी कथांकडून बरंच काढूनही घेतलं. मंगळावर कालवे आहेत, शुक्रावर ढगांखाली दलदल आणि जंगलं आहेत, यावर किती तरी लेखकांचे संसार चालले. १९६२ मध्ये मरिनर-२ ने शुक्र भट्टीसारखा तापलेला आहे हे कळवलं. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ ने मंगळाचे वीसेक फोटो पाठवले, त्यात नुसती विवरं. कालव्यांच्या राजकन्या एका आठवड्यात बेघर झाल्या. ही दोन्ही यानं विनामाणसाची, पण झळ माणसांच्या कथांना बसली.

आता मराठीचं. 'का उचलली नाही' असं विचारताना जरा बघा की उचलणार कुठून? १९८४ नंतर ४१ वर्षं आपलं दुसरं कोणी भारताकडून वर गेलंच नाही. कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स आपल्या म्हणून आपण पेढे वाटले, पण त्यांचं प्रशिक्षण, त्यांच्या नोंदी, त्यांचं रोजचं बोलणं इंग्रजीत आणि ह्यूस्टनमध्ये. मराठी लेखकाला शेजारी कोण मिळालं? खगोलशास्त्रज्ञ. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' पाठवली. विषय नावातच आहे. पुढे पुण्यात आयुका ही खगोलसंशोधन संस्था उभी राहिली, नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटरच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. त्यामुळे आपल्या कथेत संदेश येतो, गणित सुटतं, काळाची गाठ पडते. फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची कथा आहे ती, आणि उत्तम आहे. तिला पाना-पक्कड नसण्याबद्दल दोष देणं म्हणजे कीर्तनात तबला का नाही म्हणण्यासारखं आहे.

---

वेताळ_टेकडी | संध्याकाळी ७:१५

निशिगंधाताई, शेजाराचा मुद्दा पूर्ण मान्य. माझ्या डोक्यात तो आला नव्हता. पण मग तोच मुद्दा माझ्या बाजूने वळवतो. आता शेजार बदललाय ना! प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुक्ला ही चार नावं भारताच्या स्वतःच्या गगनयान मोहिमेसाठी २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. हे लोक मुलाखती देतात, आपल्या वळणाचं बोलतात. शुक्ला पंतप्रधानांशी बोलताना म्हणाले की पाय बांधून उभा आहे, नाहीतर तरंगत जाईन. गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस बरोबर नेला होता. मूग आणि मेथी भिजवून मोड आणले आणि मग ते जपून शीतपेटीत ठेवले. परत आणायचे होते ना! मोड आलेले मूग फ्रीजमध्ये ठेवणारा अंतराळवीर आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या हातातली बशी सुटली तर मूग कुठे कुठे जातील, आणि त्यातला एक हवेच्या जाळीत अडकला तर काय, हे मला लगेच दिसतं.

बाकी कीर्तनात तबला असतो हो हल्ली.

---

निशिगंधा | संध्याकाळी ७:२२

तबल्याबद्दल वेगळा धागा काढा, तिथे येते.

---

डॉ_मृ | रात्री ९:५०

फिल्टरवाले आणि फळावाले दोघेही एक यंत्र विसरले, शरीर. कथा लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

पहिल्या दिवसापासून शरीरातलं द्रव वरच्या बाजूला सरकतं. चेहरा सुजतो, पाय काटक्यांसारखे होतात, सर्दी झाल्यासारखं नाक चोंदतं. नाक चोंदलं की चव मंदावते, म्हणून वर लोक तिखट सॉस मागतात. (ठेच्याला इथे उज्ज्वल भवितव्य आहे.) मणके सैल होऊन उंची काही सेंटिमीटर वाढते आणि पाठ दुखते. भार पेलणारी हाडं दर महिन्याला एक ते दीड टक्का घनता गमावू शकतात, म्हणून रोज दोनेक तास व्यायाम, त्यात सुट्टी नाही.

मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट पायांची. चालायचं नसल्यामुळे तळव्यांची जाड कातडी सुटून जाते आणि तळवे बाळासारखे मऊ होतात. उलट पावलांच्या वरच्या बाजूला घट्टे पडतात, कारण स्थिर राहायला पावलं सतत आडव्या दांड्यांखाली अडकवायची असतात. सहा महिने राहून आलेल्या माणसाला पायमोजा काढल्यावर ओळखता येईल. अशी खूण एखाद्या कथेत वापरली तर परग्रहवासी आणायची गरज पडणार नाही.

आणि परतल्यानंतरचं. शुक्लांनीच सांगितलंय, पलंगावर बसून लॅपटॉप मिटला आणि बाजूला हवेत सोडून दिला, तो तरंगेल म्हणून. खाली गालिचा होता म्हणून वाचला. हात अजून वर होता, माणूस खाली आला होता.

तेवढं 'शून्य गुरुत्वाकर्षण' लिहू नका कृपया. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण इथल्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतंच. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, पण पुढे जायचा वेग एवढा असतो की जमीन दर वेळी चुकते.

---

अंजली_क | १२ ऑगस्ट, सकाळी १०:३०

डॉक्टर, पावलांचं वाचून अंगावर काटा आला. मी पहिल्यांदाच लिहितेय, म्हणून एक शंका विचारते. माझ्या कथेत मुलगी मंगळावर आहे आणि आई कर्वेनगरला. दोघींचा फोनवर कडाक्याचा वाद होतो, तो कथेचा कळस आहे. पण संदेश पोचायला वेळ लागतो ना? मग संवाद लिहू कसा?

---

निशिगंधा | सकाळी ११:०५

अंजली, एका बाजूने तीन ते बावीस मिनिटं, ग्रह कुठे आहेत त्यावर अवलंबून. म्हणजे आईने 'तू माझं ऐकणारच नाहीस' म्हटलं, त्यावर मुलीचं उत्तर येईपर्यंत पाऊण तास जाऊ शकतो. कडाक्याचा वाद असा होतच नाही. आणि इथेच तुझी कथा आहे बघ. त्या पाऊण तासात आई कुकर लावेल, बोललेल्याचा पश्चात्ताप होऊन दुसरा निरोप पाठवेल, आणि तो निघाल्यानंतर पहिल्याचं उत्तर येईल. दोघींचे निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून जातील. पूर्वी सासरच्या मुलीची आणि आईची पत्रं अशीच चुकामूक करायची. संवाद काढून टाक, निरोपच लिही, वेळांसकट.

(घ्या वेताळराव, मी तुमच्याच बाजूने बोलतेय. प्रकाशाचा वेग हा तपशील नसून कथानक आहे.)

---

पानशेतकर | दुपारी ३:१०

अंजली, सेर्गेई क्रिकाल्योव्हचं वाच. मे १९९१ मध्ये मीर स्थानकावर गेला, मार्च १९९२ मध्ये उतरला. मधल्या काळात सोव्हिएत संघच उरला नाही. त्याचं लेनिनग्राड सेंट पीटर्सबर्ग झालं होतं आणि तो उतरला तो कझाकस्तान आता परदेश होता. मुक्काम लांबला तो खाली राजकारण आणि पैशाचे घोळ चालू होते म्हणून. बिचारा वर स्थानक सांभाळत बसला होता. तुझ्या मुलीचा मंगळावरून परत यायचा पत्ताच बदलला तर?

---

तिरकस | दुपारी ३:३०

रिडेव्हलपमेंट. मुलगी परत येते तोवर बिल्डरने सोसायटी पाडलेली असते. काल्पनिक काही नाही.

---

अंजली_क | दुपारी ३:४४

तिरकस काका, हे मी घेणार! आईचा शेवटचा निरोप 'चाव्या शेजारी ठेवल्यात' असा होता, आता शेजारीच नाहीत.

---

आबा_नारायणपेठ | संध्याकाळी ६:००

कोणी उतरण्याबद्दल बोलेना. आमच्या काळी सोव्हिएत अंतराळवीर लिओनोव्हचा फार बोलबाला होता. १८ मार्च १९६५, यानाबाहेर पडलेला पहिला माणूस. बाहेर गेल्यावर पोशाख फुग्यासारखा फुगला, परत आत शिरता येईना. व्हॉल्व्ह उघडून पोशाखातली हवा सोडली तेव्हा कुठे आत आला. (वेताळराव, व्हॉल्व्ह!) पण खरी मजा पुढे. स्वयंचलित यंत्रणा बिघडली, हाताने यान उतरवावं लागलं आणि ते भलतीकडेच, उरलच्या बर्फाळ जंगलात जाऊन पडलं. सोबती बेलियायेव्ह आणि तो, दोघांनी रात्र थंडीत काढली. सुटका करणारे स्की घालून आले. आमच्या वेळच्या कथांमध्ये यान उतरलं की हारतुरे आणि समाप्त.

---

वेताळ_टेकडी | रात्री ८:४५

आबा, तुम्ही माझी कथा सोडवलीत. गेले दोन दिवस माझे अंतराळवीर स्थानकावर फिल्टर साफ करत बसलेत आणि पुढे काही होत नाहीये. (तिरकस, आनंद मानू नका.)

आता कथा उतरल्यानंतर सुरू होणार. गगनयानाची योजना तिघांना ४०० किलोमीटरवर तीन दिवसांपर्यंत नेऊन समुद्रात उतरवायची आहे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या चाचणीत, म्हणजे टीव्ही-डी१ मध्ये, अंतराळवीरांचा कक्ष रिकामाच बंगालच्या उपसागरात उतरला. छत्र्या नीट उघडल्या, सगळं ठरल्याप्रमाणे झालं, फक्त पाण्यात तो उलटा झाला. नौदलाने तसाच बाहेर काढला. यात नामुष्की काही नाही. अपोलो-११ चा कक्षसुद्धा पॅसिफिकमध्ये उलटाच झाला होता, वरच्या टोकाला फुगे फुगवून सरळ केला. असे फुगे लावतातच.

तर माझी कथा: तीन माणसं, उलटा कक्ष, फुगे तीन, त्यातला एक फुगत नाही. पट्ट्यांना तिघं लटकलेली. काचेबाहेर आकाशाऐवजी हिरवं पाणी. नौदलाची बोट दिसत नाही, रेडिओचा अँटेना पाण्याखाली. आणि तीन दिवस बिनवजनाचं राहिल्यावर अचानक सगळं वजन परत, तेही डोक्याच्या दिशेने. एकाला पट्टा सोडून त्या गॅस बाटलीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचायचंय. परग्रहवासी नाहीत. खलनायक आहे एक गॅस्केट.

---

निशिगंधा | रात्री ९:०२

आता कथा झाली. पण तिघांना बोलतं ठेवा हो, नाहीतर मॅन्युअल होईल. एकाला तरी चिडका करा. आणि पट्टा सोडणारा खडकवासल्याचा करा, पानशेतकरांची तक्रार मिटेल.

---

पानशेतकर | रात्री ९:१०

+१. जलतरण तलावात उडी मारताना घाबरणारा कॅडेट होता असं दाखवा.

---

तिरकस | रात्री ९:२५

सगळं ठीक. पण बिनवजनातून आलेली माणसं, लाटांवर हेलकावे, वर उलटी लटकलेली. ओकारी येणार हे नक्की. ती कुठल्या दिशेला जाते, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या. वाचकांची पत्रं येतील.

---

डॉ_मृ | रात्री ९:५५

खाली. गुरुत्वाकर्षण परत आलेलं आहे. उलट्या माणसाची खाली म्हणजे नाकाकडे, डोळ्यांकडे, आणि हेल्मेटची काच बंद असेल तर तिथेच. म्हणून पट्टा सोडायच्या आधी पहिलं काम काच वर करणं, दुसरं मान एका बाजूला वळवणं, तिसरं पिशवी. पिशवी मांडीवरच्या खिशात असेल तर हात तिकडे वर न्यावा लागेल, आणि तीन दिवसांनंतर हात किती जड लागेल याचा अंदाज नसल्याने पहिल्या प्रयत्नात खिसा सापडणार नाही. दोन परिच्छेद सहज निघतील, वेताळराव.